चार बोटं डावीकडे

दिघोरीत घड्याळं घरोघरी होती, पण त्यांच्याकडे बघायची सवय कोणाला नव्हती. गोपीचंदच्या धानगिरणीचा पट्टा फटफटायला लागला की सकाळ झाली, आणि थांबला की जेवायची वेळ झाली. गिरणी खरं तर मालकाची आणि मालक भंडाऱ्याला. पण गावात मालकाचं नाव कोणी घेत नसे. एकदा गोपीचंदला ताप आला, गिरणी उशिरा सुरू झाली, तर त्या दिवशी शाळेची प्रार्थनाही उशिरा झाली. मास्तरांनी त्याबद्दल कोणाला काही विचारलं नाही.

असा हा माणूस. वय बत्तिशीच्या आसपास, बोलणं थोडं, भुवयांवर धानाच्या कोंड्याची बारीक भुकटी. त्याच्याबद्दल भर मंडईत, भोंग्यावरून, "ह्याचा काही नेम नाही" असं जाहीर झालं, आणि तेही त्याच्या जिवलग दोस्ताच्या तोंडून.

झालं असं.

दिवाळी सरली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. हलके धान कापून झालेले असतात, उशिरा पिकणारे भारी धान अजून शेतातल्या बांध्यांत मान खाली घालून उभे असतात, आणि मधल्या त्या सवडीत घराघरात पाहुणे उतरतात. रात्री नाटक, दिवसा बाजार. जिलबी, बांगड्या, आकाशपाळणा, आणि या सगळ्याच्या आडोशानं सोयरिकी. मुलगी दाखवायची म्हणून कोणी दाखवत नाही. ती मावशीकडे मंडईला आलेली असते. मुलगाही मंडईतच फिरत असतो. बाकीचं काम नजर आणि चहा करतात.

नाकाडोंगरीची खुशबू अशीच मावशीकडे आली होती. मावशी म्हणजे कौशल्याबाई, गोपीचंदच्या घरापलीकडे तिसरं घर. खुशबू शिलाईकाम करायची. तिनं शिवलेले गणवेश घालून तिथली अर्धी शाळा कवायत करायची. तिचे वडील परसराम मॅंगनीजच्या खाणीवर मजुरांची हजेरी घेत. थोरली मुलगी त्यांनी चांगलं घर बघून दिली होती. पण जावई आज रायपूरला, उद्या नागपूरला, आणि परवा कुठे, ते त्याच्या आईलाही ठाऊक नसे. विचारलं तर म्हणायचा, "इथंच होतो, इकडं तिकडं." पोरगी वर्षातून आठ महिने बापाच्या दारात. धाकटीच्या वेळी परसरामनं मनाशी एकच ठरवलं होतं. पोरगा काळा असला तरी चालेल, कमी शिकला असला तरी चालेल. तो जिथे असायला पाहिजे तिथे असला पाहिजे.

हे कळलं तेव्हा शकुनबाईला, म्हणजे गोपीचंदच्या आईला, वाटलं की ही सोयरीक कोणीतरी आपल्या पोराच्या मापानंच कापून पाठवली आहे. गोपीचंदला काय वाटलं ते त्यानं सांगितलं नाही. पण मंडईच्या सकाळी त्यानं डोकं दोनदा धुतलं.

दुपारी तो मंडईत गेला, आणि बंदुकीनं फुगे फोडायच्या दुकानापाशी त्याला खुशबू दिसली. मावशीचा पदर धरून नव्हे, मावशीच्या पुढे उभी होती. निळी साडी, हातात न खाल्लेली जिलबी. ती फुगे टांगलेल्या लाकडी पाट्याकडे बघत होती आणि मावशीला म्हणत होती, "मावशे, तो वरच्या कोपऱ्यातला निळा फुगा कोनीच नाही फोडत व. बिचारा एकटाच टांगून आहे."

गोपीचंदनं ते ऐकलं. आपण ऐकावं म्हणून ती बोलली, की सहज बोलली, ह्याचा निवाडा त्याला जन्मभर करता आला नाही.

दुकान जागेश्वरचं. जागेश्वर तुमसरकडचा, दिवाळीपासून होळीपर्यंत मंडया आणि जत्रा करत फिरायचा. भंडारा जिल्हा फुटला तेव्हा त्याच्या अर्ध्या मंडया गोंदियात गेल्या. फुग्यांना त्याचं काही वाटलं नाही आणि जागेश्वरलाही नाही. त्याच्या छऱ्याच्या बंदुकीची जुनी नळी घासून घासून गुळगुळीत झाली होती, म्हणून या वर्षी त्यानं भंडाऱ्याच्या बाजारातून, पितळी भांड्यांच्या ओळीमागच्या एका दुकानातून, नवी नळी बसवून आणली होती. होती त्यातली सगळ्यात स्वस्त. तिचं कौतुक तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा.

"दुकानदार का म्हने, नळी गरिबाची आहे, पन एकवचनी आहे," जागेश्वर गोपीचंदच्या हाती बंदूक देत म्हणाला. "घ्या भाऊ. डोया लावा आनि दाबा घोडा."

गोपीचंदनं फळीवर कोपर टेकवलं, नळीच्या टोकावरच्या लोखंडी दाण्यात, ज्याला तिकडे मक्खी म्हणतात, निळा फुगा नीट बसवला आणि घोडा दाबला.

निळा फुगा हलला नाही.

त्यानं पुन्हा छर्रा भरला. पुन्हा निळा फुगा मक्खीवर बसवला. पुन्हा दाबला. फुगा तसाच. असे त्यानं सात छर्रे मारले. सगळे त्या एकाच फुग्यावर, आणि फुगा आपला वाऱ्यावर थोडा इकडे, थोडा तिकडे, कोणीतरी अंगाई म्हणत असल्यासारखा.

खालच्या ओळींतले फुगे बाकीच्यांच्या हातून अधूनमधून फुटत होते. खरं सांगायचं तर ज्यावर नेम धरला तो फुटत नसे, त्याच्या शेजारचा फुटे. पण फुटल्यावर "मी तोच धरला होता" असं म्हणायला कोणाचं काय जातं? कोपऱ्यातल्या निळ्या फुग्याला मात्र शेजार नव्हता.

नेमका त्या वेळी मंडईच्या भोंग्यावर गोलू होता. गोलू म्हणजे गोपीचंदचा लहानपणचा दोस्त. रात्रीच्या नाटकाची जाहिरात, हरवलेल्या पोराचं वर्णन आणि जिलबीचा भाव हे तो एकाच सुरात सांगायचा. मंचावरून त्याला गोपीचंद दिसला. मग त्याला कोण आवरणार?

"अहो मंडळी! इकडं लक्ष द्या! आपले दिघोरीचे गोपीचंद, धानगिरणीवाले, सात छर्रे मारून बसले, पन फुगा काही फुटला नाही! गोपीचंदचा काही नेम नाही, मंडळी! काही म्हनजे काही नेम नाही!"

मंडई खळाळून हसली. गोपीचंदही हसला असता; पण तेवढ्यात चहाच्या टपरीवर एक कप बशीवर जोरात आपटला.

झालं होतं ते असं, आणि हे गोपीचंदला नंतर कळलं. परसराम त्या घडीला टपरीवर बसून टपरीवाल्याला हळूच विचारत होते, "तो गिरनीवाला गोपीचंद कसा आहे जी मानूस?" टपरीवाला दूध ओतत होता. त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि उत्तर वरून, भोंग्यातून आलं. तेही दोनदा.

परसराम उठले. कौशल्याबाईच्या घरी जाऊन त्यांनी पायांतल्या चपला न काढता सांगितलं, "उद्याच्या गाडीनं पोरीले घेऊन जातो. मानसाचा नेम नाही हे एखाद्यानं कानात सांगतलं असतं, तर मी चौकशी केली असती. इथं तर भोंग्यावर सांगून राहिले."

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणी वेळेवर सुरू झाली. शकुनबाई अंगणात सूप घेऊन बसली आणि नेहमी गाते तशी ओवी गाऊ लागली. फक्त शब्द त्या दिवशीचे होते:

धानाच्या बांधीवरी, बगळा उभा एका पायी
माह्या लेकराचा नेम, कोनी मोजलाच नाही

गोपीचंदनं ऐकलं आणि पट्टा थोडा जास्तच ताणला.

मग गोलू आला. चेहरा असा, की भोंगा त्याच्या गळ्यातच अडकला आहे. "गोप्या, माह्या तोंडाले आग लागो. मी बंदुकीचं म्हटलं रे! त्यायनं मानसाचं ऐकलं."

"शब्द एकच आहे," गोपीचंद म्हणाला.

"मग आता?"

"आता का. जा, सांग त्यायले."

गोलू कौशल्याबाईच्या घरी गेला. गोपीचंदही गेला, पण फाटकाबाहेर उभा राहिला. आत परसराम पिशवी भरत होते.

"मामाजी, मी गंमत केली जी," गोलू हात जोडून म्हणाला. "फुगा नाही फुटला म्हनून म्हटलं. नेम म्हनजे बंदुकीचा नेम."

परसरामनं पिशवीचा बंद ओढला. "म्हनजे बंदुकीचाही नाही."

"नाही जी! म्हनजे... मानसाचा आहे, बंदुकीचा नाही."

"सात वेळा चुकला म्हनता ना?"

"ते नळीमुळं! जागेश्वरनं स्वस्तातली नळी बसवली. ती नळीच खोटी आहे. त्या नळीतून कोनी मारलं तरी छर्रा वाट्टेल तिकडं जाते."

आता परसराम माणूस न्यायाचा. हजेरी घेणाऱ्याला एक सवय असते. गैरहजर असलेल्याचं कारण तो ऐकून घेतो, मग लाल शाई लावतो. "ठीक आहे," ते म्हणाले. "नळी खोटी असन, तर पोराले दोष नाही. नळी खरी असन, तर पोरगा जसा भोंग्यानं सांगतला तसा. संध्याकाळची गाडी आहे माह्याकडे. दाखवा."

शकुनबाईला हे कळलं तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं. पोराचं लग्न एका लोखंडी नळीवर येऊन टेकलं होतं, आणि तीही सगळ्यात स्वस्त.

दुपारी गिरणीच्या आवारात अर्धं गाव जमलं. जागेश्वर बंदूक घेऊन आला. मंडई संपली तरी आदल्या रात्रीच्या नाटकापायी तो गावातच मुक्कामाला होता. फुग्यांचा पाटा त्याच्या हातगाडीवर तसाच टांगलेला. नळी खोटी आहे असं सगळे म्हणत आहेत हे कळल्यावर त्याचा चेहरा, कोणी त्याच्या पोराला चोर म्हणावं, तसा झाला.

"नळीवर शंका घेऊ नका," तो म्हणाला. "बाकी माह्यावर घ्या."

नळी खरी की खोटी हे कसं ठरवायचं, यावर सगळ्यांना बोलायचं होतं. जागेश्वरनं ती बंदुकीतून सोडवून दिली; एका म्हाताऱ्यानं ती उन्हाकडे करून डोळा लावला आणि सांगितलं, "सरळ आहे, मले पलीकडचा सूर्य दिसते." दुसऱ्यानं ती बासरीसारखी फुंकली आणि सूर बेसूर आहे असं ठरवलं. तिसरा म्हणाला, जमिनीवर लोटून बघा, वाकडी असेल तर अडखळेल. नळी लोटली; ती अडखळली; पण तिथे खडा होता. गोलूनं खडा काढून टाकला, तेव्हा ती अडखळली नाही, म्हणून तो खडा त्यानं गुपचूप परत ठेवला.

मग एकानं सुचवलं, गावातला सगळ्यात चांगला नेमबाज बोलवा, त्याला मारू द्या. पण कोण सगळ्यात चांगला, यावर तिथल्या तिथे दोन तट पडले.

गोपीचंद तोवर भिंतीला टेकून होता. आता तो म्हणाला, "मानसाच्या हातात देलं की मानूसच मोजल्या जाते. नळीले हातातून काढा."

"म्हनजे?"

"गिरनीतली पुली सरळ फिरते का नाही हे हातानं धरून नाही समजत. हात हलते ना. ते घट्ट बांधून पाहा लागते. बंदूक शिकंज्यात धरा. एकाच जागी मारा. छर्रे पसरले, तर नळी खोटी. एकाच जागी बसले, तर नळी खरी."

गोलूनं त्याला बाजूला ओढलं आणि दातांतून बोलला, "गोप्या, तू कोनाच्या बाजूनं आहे? नळी खरी निघाली तर?"

"तर खरी निघन."

"अरे, मग तुह्या लग्नाचाच काही नेम नाही!"

गोपीचंद वळला. त्यानं आत जाऊन लोखंड आवळून धरायचा शिकंजा उघडला. हा त्याचा स्वभावच होता. गिरणीत एखाद्यानं विचारलं की माझ्या धानात खडे आहेत का, तर हा असतील तर आहेत म्हणायचा. समोरचा पाटलाचा जावई असला तरी.

नळी परत बसवून, दस्त्याभोवती पोतं गुंडाळून बंदूक शिकंज्यात आवळली. दुकानातल्याएवढ्याच अंतरावर, समोरच्या पोत्यांच्या थप्पीला पुठ्ठा टेकवला. शकुनबाईनं पुढे होऊन पुठ्ठ्याच्या मधोमध कुंकवाचं बोट टेकवलं. देवाला लावतात तसं लावलं तिनं, आणि लावून झाल्यावर नकळत हातही जोडले. गोपीचंदनं डोळा लावून मक्खी कुंकवावर आणली आणि शिकंजा कसला.

"जागेश्वरभाऊ, तुम्हीच घोडा दाबा," तो म्हणाला. "म्हनजे माह्यावर शंका नको."

जागेश्वरनं छर्रा भरला, दाबला. पुन्हा भरला, दाबला. पाच झाले. सगळे पुठ्ठ्याकडे धावले आणि धावता धावता थांबले.

कुंकवाला काहीच झालं नव्हतं. पण त्याच्या डावीकडे, चार बोटं अंतरावर, पाचही छर्रे अंगठ्याच्या नखात मावतील एवढ्या जागेत बसले होते. एकात एक. जणू कोणी सुईनं टाका घातला होता.

पट्टा बंद होता, त्यामुळे चिमण्या कोंड्यात खसखस करत होत्या तेवढंच ऐकू येत होतं. जागेश्वरचे डोळे मात्र भरून आले. "एकवचनी," तो म्हणाला. "म्हटलं होतं ना, एकवचनी."

परसराम पुठ्ठ्यापाशी वाकले, बोट लावून पाहिलं, आणि सरळ झाले. "नळीचा नेम आहे," ते म्हणाले, आणि पिशवी उचलली.

गोपीचंद शिकंजा सैल करू लागला. एवढंच काम त्याला सुचलं. आईकडे बघायचं त्यानं टाळलं.

तेवढ्यात कोंड्याच्या ढिगाऱ्यामागे, जिथे बायका उभ्या होत्या, तिथे कुजबूज झाली. खुशबू मावशीच्या कानाशी काही बोलत होती. कौशल्याबाई मोठ्यानं म्हणाली, "भाऊजी, पोरगी म्हनते, जरा थांबा म्हना."

परसराम थांबले. चारचौघांत पोरीशी सरळ बोलणं त्यांनाही अवघड. "का म्हनते विचारा."

पुन्हा कुजबूज. "म्हनते, फुगेवाल्याचा पाटा पाहून घ्या म्हनते. वरचा कोपरा."

"पाट्यात का आहे?"

कुजबूज. "म्हनते, पाहिल्याशिवाय कसं सांगू."

गोलू सगळ्यांत आधी हातगाडीपाशी पोहोचला. पाटा छऱ्यांच्या खुणांनी देवीचे व्रण उठावेत तसा भरला होता. खालून वरपर्यंत, जिथे जिथे लोकांचा धीर सुटला तिथे तिथे. फक्त वरचा उजवा कोपरा कोरा होता. तिथे निळा फुगा अजून टांगलेला होता. एका दिवसात जरा सुकला होता, तोंडाशी सुरकुत्या पडल्या होत्या, पण धरून होता. आणि त्याच्या डावीकडे, लाकडात, एक भोक होतं. एकच. बोराएवढं.

गोलूनं आपला हात भोक आणि फुग्याच्या मधे ठेवला. चार बोटं बसली.

"एका छऱ्याचं भोक एवढं नाही पडत," गोलू हळूच म्हणाला. भोंग्याशिवाय इतकं हळू बोलताना त्याला कोणी ऐकलं नव्हतं. "हे सातही एकातच गेले."

कौशल्याबाईला आता विचारायची गरज उरली नव्हती, ती स्वतःच सांगू लागली, "म्हनते, मी कालच पाहिलं होतं. सगळे फुग्याकडं पाहून राहिले होते, मी लाकडाकडं पाहिलं. म्हनते, टाका कुठंही पडत असन तर शिवनाऱ्याचा हात वाकडा, आनि दर वेळी एकाच बाजूले पडत असन तर सुई वाकडी."

गोपीचंदनं शिकंज्यातली बंदूक उचलली, नळीचं टोक डोळ्यांसमोर धरलं आणि मक्खीवर नख ठेवलं. "जागेश्वरभाऊ, मक्खी उजवीकडं कलली आहे."

"असन," जागेश्वर आभाळाकडे बघत म्हणाला.

"कशानं कलली?"

"थंडीनं."

"लोखंड थंडीनं कलते?"

"गरिबाचं लोखंड आहे, भाऊ."

लोक त्याच्याकडे बघत राहिले. जागेश्वरनं गमछ्यानं कपाळ पुसलं. नळीची अब्रू आणि धंद्याची अब्रू यांतली एकच वाचणार होती. त्यानं नळीची वाचवली. "लाखांदूरच्या मंडईत नळी इतकी सरळ मारे, की शाळेतल्या पोरायनं तासाभरात पाटा साफ केला," तो म्हणाला. "मी का करू? हातोडीनं जराशी टिचकी मारली मक्खीले. नळीले हात नाही लावला. आईची आन."

हसण्याचा एक लोट उठला. शकुनबाई मात्र हसली नाही. ती परसरामच्या तोंडाकडे बघत होती. परसराम पाट्यापाशी उभे होते आणि त्या बोराएवढ्या भोकात करंगळी घालून पाहत होते.

"सातही वेळा तिथंच मारलं?" त्यांनी विचारलं. आता ते थेट गोपीचंदला विचारत होते.

"हो जी."

"पहिला चुकला, दुसरा चुकला. मग मानूस जरा इकडं तिकडं धरून पाहाते."

गोपीचंदनं विचार केला. खरंच विचार केला. त्याला हा प्रश्न काल सुचलाच नव्हता. "इकडं तिकडं फुगा नव्हता जी," तो म्हणाला.

पुन्हा हशा झाला. "हट्टी आहे," शकुनबाई कबूल करत म्हणाली. "लहानपनापासून. लपवून का करू?"

पण परसराम हसले नाहीत. 'इकडं तिकडं' हे दोन शब्द त्यांच्या घरात फार दिवसांपासून नांदत होते, आणि त्यांच्याबद्दल असं उत्तर त्यांनी आजवर कोणाकडून ऐकलं नव्हतं. त्यांनी पिशवी खाली ठेवली. मग ती ठेवल्याचं कोणी फार मनावर घेऊ नये म्हणून म्हणाले, "तरी फुगा तर नाहीच फुटला ना. एवढं समजलं, आता फोडून दाखवा."

जागेश्वर हातोडी शोधू लागला, मक्खी सरळ करायला. "राहू द्या," कौशल्याबाई म्हणाली. "पोरगी म्हनते, बंदूक आहे तशीच राहू द्या. म्हनते, त्यायले म्हना, चार बोटं उजवीकडं धरा."

गोपीचंदनं फळीऐवजी हातगाडीच्या दांड्यावर कोपर टेकवलं. डोळा लावला. फुगा मक्खीवर आणला, आणि मग नळी उजवीकडे सरकवू लागला. एक बोट. दोन बोटं. पाट्याची कड आली, पाटा संपला. पलीकडे नुसतं गिरणीचं आवार, मग बांध्या, मग दूर तळ्याची पाळ आणि तिच्यावर उभा असलेला कोणाचातरी बैल. त्यानं डोळा काढला.

"तिकडं तर काहीच नाही," तो म्हणाला.

मावशी तोंड उघडणार, तोच ढिगाऱ्यामागून खुशबू स्वतः पुढे आली. पदर नीट केला आणि पहिल्यांदाच, मधे कोणी न घेता, त्याच्याशी बोलली.

"मले माहीत आहे. तरी धरा."

गोपीचंद तिच्याकडे बघत राहिला. बत्तीस वर्षांत त्यानं दिसेल तेच धरलं होतं. नसलेल्या गोष्टीवर नेम धरायची त्याच्यावर कधी पाळी आली नव्हती. पट्टा तुटला तर पट्टा दिसतो, खडा असला तर खडा दिसतो. इथे एक निळ्या साडीतली पोरगी सांगत होती, की फुगा सोड आणि मोकळ्या हवेवर विश्वास ठेव.

त्यानं पुन्हा डोळा लावला. चार बोटं उजवीकडे, जिथे काही नव्हतं तिथे नळी धरली. श्वास रोखला. घोडा दाबला.

निळा फुगा फुटला. सुकलेला होता म्हणून आवाज फार झाला नाही. कोणी ओठांनी 'फट्' करावं तेवढाच. निळं रबर दोऱ्याला लोंबत राहिलं.

गोलूचा हात सवयीनं तोंडापाशी गेला, पण तिथे माईक नव्हता. म्हणून त्यानं नुसतं म्हटलं, "आहे. मंडळी, आहे."

परसरामनं शकुनबाईकडे पाहिलं. "बाई, चहा ठेवा," ते म्हणाले. "गाडी उद्याही असते."

लग्न माघात झालं. गिरणी त्या दिवशी बंद होती, त्यामुळे दिघोरीत वेळेचा फार घोटाळा झाला. पंगत दोनदा बसली.

पुढच्या मंडईत जागेश्वर पुन्हा आला. दिघोरीच्या लोकांनी वर्षभर एकमेकांना सांगून सांगून पाठ केलं होतं; जो येईल तो बंदूक घेऊन शहाण्यासारखा चार बोटं उजवीकडे धरायचा, आणि छर्रा आठ बोटं चुकायचा. कारण जागेश्वरनं मक्खी या खेपेला दुसऱ्या बाजूला वाकवून आणली होती. नळी तीच होती. तिच्याबद्दल तो कोणाला एक शब्द बोलू देत नसे.

गोपीचंद आणि खुशबू दुपारी आले. वरच्या कोपऱ्यात या वेळी पिवळा फुगा होता. गोपीचंदनं कोपर टेकवलं, आणि फुग्यावर नेम धरला.

"थांबा," खुशबू म्हणाली. "पहिला फुग्यावर नका मारू. लाकडावर मारा. आधी पाहू तर द्या, ह्या वर्षी कोनत्या बाजूले आहे."